कुलूपबंद मोबाईल बोलका करा

गेल्या महिन्यात एस.टी. स्टँडवर कोसळलेल्या एका गृहस्थांना रिक्षावाल्यांनी माझ्या दवाखान्यात आणले. अंग घामाने भिजलेले, बोलणे असंबद्ध. "प्यालेले दिसतात," असे बरोबरचे लोक म्हणत होते. रक्तातील साखर तपासली तर ४१! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ते सावध झाले. पण मधुमेहाची कोणती गोळी घेतात, हे त्यांना सांगता येईना. हे कळणे महत्त्वाचे, कारण ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. खिशात मोबाईल होता, पण कुलूपबंद. मुलाला कळवेपर्यंत दोन तास गेले.

याची सोय खरे तर मोबाईलमध्येच असते. आयफोनमध्ये २०१४ पासून, अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' किंवा अशाच नावाच्या भागात आपला रक्तगट, आजार, चालू औषधे, अ‍ॅलर्जी आणि नातेवाइकांचे नंबर भरता येतात. आयफोनमध्ये हेच 'हेल्थ' अ‍ॅपमधील 'मेडिकल आयडी'त असते. फोनला कुलूप असताना माहिती दिसावी, हा पर्याय तेवढा सुरू ठेवावा. मग पडद्यावरचे 'इमर्जन्सी' दाबून ती कोणालाही वाचता येते. कोणालाही येते, म्हणूनच त्यात बँकेचा तपशील लिहू नये.

मी हे रुग्णांना सांगू लागलो. सगळे मान डोलवत, पण पुढच्या खेपेला पाहावे तर एकानेही काही भरलेले नसे. चूक माझीच होती. दम्याचा पंप कसा ओढावा हे आम्ही सांगून थांबत नाही, रुग्णाला समोर ओढून दाखवायला लावतो. आता रुग्ण नंबरची वाट पाहत बसलेला असताना कंपाउंडर त्याच्याच बोटांनी माहिती भरून घेतो. फोन त्याच्या हातातून घ्यायचा नाही, हा नियम. घरची मुले नेमके उलटे करतात: "द्या इकडे, मी करतो!" आजोबा होते तिथेच राहतात. शिवाय एका वेळी एकच गोष्ट. एका आजींना मी उत्साहाने मोठी अक्षरे, औषधाचा गजर आणि ही नोंद, तिन्ही एकदम शिकवले. त्या घाबरून बटणांच्या फोनकडे परतल्या.

ते गृहस्थ परवा मुलासह आले. कुलूपबंद फोन पुढे धरून त्यांनी स्वतः नोंद उघडून दाखवली. मुलाचा नंबर बरोबर होता. गोळीचे नाव मात्र जुने, मी बदलण्यापूर्वीचे. तेही त्यांच्याच हातून दुरुस्त करून घेतले.