जुना पार्ट दाखवा

लाखनीला बसस्टँडच्या पुढे कडुनिंबाखाली एक मिस्त्री काम करायचा. काकांच्या जीपखाली पोतं अंथरून शिरायचा आणि काम झालं की बाहेर येऊन जुनी क्लच प्लेट काकांच्या हातात द्यायचा. "पाहा भाऊ, पुरी घासली. आता नाही चालत." काका ती उजेडात फिरवून बघायचे आणि मगच खिशात हात घालायचे. पावती नव्हती, वॉरंटी नव्हती. पण जे बदललं ते डोळ्यांदेखत बदललं जायचं.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत आमच्या गाड्यांच्या बिलांची फाइल हाती आली. २००५ पासून २०२५ पर्यंत, वीस वर्षं आणि दोन गाड्या. एकेक कागद उलटताना जाणवलं, की या फाइलीत माझ्या गाड्यांपेक्षा माझ्या विश्वासाचाच हिशेब जास्त आहे.

पहिली गाडी नवीकोरी होती, एमएच ३६ ची पाटी लावलेली. वॉरंटी टिकवायची तर कंपनीच्या वर्कशॉपलाच दाखवा, असं बजावलेलं. त्यामुळे पहाटे निघायचं, कारध्याला वैनगंगा ओलांडायची आणि भंडारा, मौदा करत सुमारे ८५ किलोमीटरवरचं नागपूर गाठायचं. तिथे गाडी आत जायची आणि आम्ही सोफ्यावर. मध्ये मोठी काच, काचेवर पाटी: ग्राहकांना आत प्रवेश नाही. सुरक्षेसाठी ती पाटी योग्यच आहे, हे मला मान्य आहे. पण त्या काचेमुळे एक जुनी रीत मोडली. जुना पार्ट हातात येणं बंद झालं. हातात यायचं ते फक्त बिल.

२००९ च्या नोव्हेंबरातलं बिल अजून आहे. धानाची मळणी चालू होती, रस्ताभर भुसा उडत होता. नागपूरला जायच्या आधी मी बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढून पाहिलं होतं. फिल्टरच्या घड्यांमध्ये भुसा भरलेला आणि कोपऱ्यात कडुनिंबाचं एक वाळकं पान अडकलेलं. कुठल्याही हेतूनं नाही, सहजच मी डबा तसाच लावला. संध्याकाळी बिलात 'एअर फिल्टर, नग १' आणि ३०० रुपये. घरी येऊन डबा उघडला. भुसा तोच, पानही तेच. वर्कशॉपला फोन केला. "सर, मिस्टेकनी राहून गेलं असेल, पुढच्या सर्व्हिसिंगला टाकून देऊ."

पुढे काय करणार? ग्राहक संरक्षण कायदा १९८६ पासून होता, भंडाऱ्यात जिल्हा मंचही होता. पण तेव्हाच्या नियमानुसार तक्रार करायची ती विक्रेता जिथे धंदा करतो किंवा जिथे गैरप्रकार घडला तिथे, म्हणजे नागपुरात. ३०० रुपयांसाठी दर तारखेला जाऊन-येऊन १७० किलोमीटर आणि शाळेतली एक रजा. मी गप्प बसलो. लबाडी नेमकी याच गणितावर जगते, हे मला तेव्हा कळलं. रक्कम इतकी लहान ठेवायची, की भांडणं महाग पडावं.

सगळं काही लबाडीच नसतं, हेही सांगितलं पाहिजे. २०१३ मध्ये सर्व्हिसिंग करून आणलेल्या गाडीखाली सकाळी अंगणातल्या सड्यावर काळे थेंब दिसले. बायकोनं पाहिलं म्हणून कळलं. ऑइल बदलून झाल्यावर चेंबरचा नट पुरता आवळलाच नव्हता. त्या दिवशी नागपूरहून परत येताना नट गळून पडला असता तर इंजिन तिथेच जाम झालं असतं. हा निष्काळजीपणा. दिवसाला ठरावीक गाड्या उरकायच्या, हाताखाली शिकाऊ पोरं, आणि वरून पुन्हा तपासणारं कुणी नाही. लबाडी आणि हलगर्जी यांचं मूळ वेगळं असलं, तरी दोन्हींना आडोसा त्याच काचेचा.

अशाच एका वर्कशॉपमध्ये दोन वर्षं नोकरी केलेल्या माझ्या विद्यार्थ्यानं मला आतली बाजू सांगितली. सर्व्हिस ॲडव्हायजरला महिन्याचं टार्गेट असतं. तेल आणि फिल्टरवर ते भागत नाही, म्हणून थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, इंजिन फ्लश, एसी ट्रीटमेंट, अंडरबॉडी कोटिंग बिलात बसवावं लागतं. "सर, नाही बसवलं तर मिटिंगमध्ये उभं करतात." त्याचं वय तेव्हा २३ होतं. राग त्या पोरावर काढून काय होणार? दोष टार्गेट ठरवणाऱ्याचा आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया सरकारनं सिअर्स या बड्या कंपनीच्या गॅरेजांत ग्राहक बनून माणसं पाठवली, तेव्हा गरज नसलेली कामं सर्रास गळ्यात मारली जात असल्याचं उघड झालं. तिथेही मुळाशी ॲडव्हायजरांचं कमिशन आणि कोटा होता. कंपनीला ते कमिशन बंद करावं लागलं. आपल्याकडे असं कुणी गुपचूप गाड्या पाठवून पाहावं, असं मला फार वाटतं.

दरम्यान मिस्त्रीचा मुलगा गॅरेज सांभाळू लागला होता. हात बापासारखाच. पण नव्या गाडीत इंजिनचा दिवा लागला की त्याचं काही चालत नसे. स्कॅनर मिळत नाही, अस्सल पार्ट बाहेर मिळत नाही. हे त्याचं अज्ञान नव्हतं. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो याचसाठी. सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात येऊ न देता त्यांनी ग्राहकाला आपल्याच वर्कशॉपशी बांधून ठेवलं, असा आयोगाचा निष्कर्ष होता. बाहेर काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या, वाद लांबला. तरी आमच्या कडुनिंबाखालच्या माणसाची अडचण दिल्लीच्या आदेशात उतरलेली वाचून मला भरून आलं होतं.

न्यायालयांनी ग्राहकाला सगळंच दिलं असं नाही. वॉरंटी म्हणजे बिघडलेला भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं, नवी गाडी देणं नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये मारुतीच्या प्रकरणात म्हटलं. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ ची म्हणून विकलेली टाटाची गाडी २००९ ची आणि ६२२ किलोमीटर चाललेली निघाली. फेब्रुवारी २०२१ च्या निकालात डीलरची जबाबदारी कायम राहिली, पण कंपनी सुटली. डीलरच्या लबाडीत कंपनीचा हात होता याचा पुरावा नव्हता. तक्रारीत दोघांची नावं घातली, तरी पुरावा प्रत्येकाविरुद्ध वेगळा लागतो.

आमच्यासारख्यांसाठी खरा बदल घडला २० जुलै २०२० ला. नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला आणि ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येऊ लागली. म्हणजे नागपूरचं बिल आणि भंडाऱ्यात दाद. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते. मुदत दोन वर्षं. स्वतः चालवून पोट भरणारा काळी-पिवळीवालाही यात ग्राहकच आहे. तारखा मात्र लांबतात. कायद्यात तीन महिने लिहिलेत म्हणून तेवढ्यात निकाल लागेल, अशा आशेवर राहू नका.

२०२२ मध्ये मी तयारीनं गेलो. आदल्या रात्री मुलीनं पुढच्या सस्पेन्शनच्या बुशांवर आणि ब्रेक पॅडच्या कडेला लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले, मी मोबाइलवर तारखेसह फोटो काढले. चावी देण्याआधी जॉब कार्डवर स्वतःच्या हातानं लिहिलं: फोन करून परवानगी घेतल्याशिवाय जादा काम करू नये, जुने भाग परत द्यावेत. बिल आलं ८,७४० चं. त्यात बदललेले बुश होते आणि मला न विचारता केलेलं इंजिन फ्लश. गाडी मिस्त्रीच्या मुलाच्या खड्ड्यावर घेतली. लाल ठिपके जागच्या जागी होते. त्यानं टॉर्च धरला, मी पुन्हा फोटो काढले. बिल, जॉब कार्ड आणि दोन्ही वेळचे फोटो जोडून रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस पाठवली: १५ दिवसांत पैसे परत करा, नाहीतर भंडारा जिल्हा आयोगात तक्रार दाखल करतो. बाराव्या दिवशी ४,१२० रुपये खात्यात आले. सोबत पत्र नाही, दिलगिरी नाही.

वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. जॉब कार्डची प्रत घेतल्याशिवाय चावी देऊ नका, आणि पक्कं बिल न देणं हाच कायद्यानं अनुचित व्यापार आहे हे लक्षात ठेवा. अडलात तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. आणि रक्कम लहान आहे म्हणून माझ्यासारखं गप्प बसू नका.

फाइलीतलं शेवटचं बिल या ऑक्टोबरचं आहे, भंडाऱ्याच्या एका वर्कशॉपचं. न मागता ॲडव्हायजरनं डिकी उघडून दाखवली. वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना फिल्टर आणि जुने ब्रेक पॅड. घरी येताना गाडी कडुनिंबाखाली थांबवून मिस्त्रीच्या मुलाला ते दाखवले. त्यानं अंगठा फिरवून पाहिला. पुरे घासले होते.