शस्त्रांची जडणघडण (७) : गोळीच्या पोटात दारू

ठासणीची बंदूक मागच्या भागात पाहिली. दारू ओता, गोळी ठासा, टोपी बसवा, मग बार. कसलेल्या शिपायालाही मिनिटाला तीनच्या वर बार काढणं कठीण जाई. कोल्टची फिरत्या कोठ्यांची पिस्तुलं १८३६पासून निघाली होती. पण तीच रचना खांद्यावरच्या बंदुकीत घातली, की कोठी आणि नळीमधल्या फटीतून उडणारी आग नळीखाली धरलेला हात भाजून काढी.

न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने वेगळाच रस्ता धरला. आपण रोज वापरतो त्या सेफ्टी पिनेचं १८४९चं पेटंट याच माणसाचं. त्याच्या आदल्या वर्षी त्याने काडतुसाचं कवचच काढून टाकलं होतं. शिशाची निमुळती गोळी मागून पोकळ करायची, त्या पोकळीत दारू भरायची आणि बुडाला बूच बसवायचं. मागे काही उरतच नाही, तेव्हा बाहेर काढायलाही काही नाही. दुसऱ्या वर्षी त्याने अशा गोळ्यांसाठी रायफल रचली. नळीखाली दुसरी नळी, तीत एकामागे एक गोळ्या आणि त्यांना ढकलणारी स्प्रिंग. कल्पना अप्रतिम होती, पण यंत्रणा फार नाजूक.

लुईस जेनिंग्जने ती सुटसुटीत केली. पुढे होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी १८५४मध्ये सुधारित पेटंट घेतलं आणि १८५५मध्ये ‘व्होल्कॅनिक’ कंपनी उभी राहिली. चापाभोवतीची कडी खाली ढकलून परत ओढली, की नवी गोळी वर येई, घोडा चढे आणि आतला सांधा ताठ केलेल्या गुडघ्यासारखा सरळ होऊन नळीचं मागचं तोंड बंद करी.

घात केला तो गोळीनेच. पोकळीत दारू मावे जेमतेम ०.४ ग्रॅम, त्या काळच्या लष्करी रायफलीत याच्या सुमारे दसपट दारू असे. धातूचं कवच बार होताना फुगून मागची फट बंद करतं. इथे कवचच नव्हतं, त्यामुळे वायू मागे गळे. बार फुसका गेला, तर अडकलेली गोळी पुढून गज घालून काढावी लागे.

१८५७मध्ये कंपनी बुडाली. तिचे एक भागधारक, शर्टांचे कारखानदार ऑलिव्हर विंचेस्टर, यांनी ती विकत घेतली. त्यांच्या कारखान्यातल्या बेंजामिन टायलर हेन्रीने तीच यंत्रणा धातूच्या काडतुसाला जुळवून १८६०मध्ये १६ गोळ्यांची रायफल सिद्ध केली. विंचेस्टरचं नाव जगभर झालं, हंटचं मात्र पुसलं गेलं. मला हा अन्याय वाटतो, कारण नळीखालची नळी ही मूळ कल्पना त्याचीच. ती यशस्वी झालेली पाहायला तो नव्हता. १८५९मध्येच तो वारला.

हेन्रीची रायफल अमेरिकी यादवी युद्धात कशी उतरली, ते पुढच्या आठवड्यात.