आजीची ओवी, बापाची कॅसेट, पोरांचा डीजे

मागच्या भागात आपण ग्रंजवर बोललो. सिॲटलमधली चार-दोन टोळकी, खरखरीत गिटार, घसा फोडून गाणं, जुन्या बाजारातून आणलेले चौकटीचे शर्ट. निर्वाना बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम सप्टेंबर १९९१ मध्ये आला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला अमेरिकेतल्या पहिल्या नंबरवरून खाली ओढलं. वर्ष सरायच्या आत मार्क जेकब्सने तेच कळकट शर्ट फॅशन शोमध्ये आणले. म्हणजे ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांचा वेश ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांना विकला गेला. तेव्हापासून भांडण सुरूच आहे. तेव्हा विशीत असलेले आता पन्नाशी ओलांडलेत आणि म्हणतात, ‘टी-शर्ट घातला म्हणजे तुला ग्रंज कळलं होय?’ टी-शर्टवालं पोरगं म्हणतं, ‘काका, मला जे ऐकू येतंय ते मला ऐकू द्या की.’

आज त्याच भांडणाची आपल्याकडची आवृत्ती बघू. बीड जिल्हा, तालुका माजलगाव, आणि गाणं भीमगीत. (जाता जाता: ‘निर्वाण’ हा शब्द सिॲटलच्या पोरांनी लांबून उचलला. आपल्याकडे ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन म्हणताना तो लहान पोराच्याही तोंडात असतो.)

सुरुवात जात्यापासून करावी लागते. १९९६ च्या एप्रिलमध्ये माजलगावच्या भीमनगर वस्तीत हेमा राईरकर, गी पॉइटवँ आणि त्यांचे सहकारी टेप घेऊन आले. गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं त्यांचं काम आधीच काही वर्षं चालू होतं. हा साठा पुढे एक लाखाच्या वर गेला. आज तो ‘पारी’ या संकेतस्थळावर आहे. भीमनगरात राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींनी ओव्या गायल्या त्या बाबासाहेबांवर, रमाईवर, बुद्धावर.

ओवी कशी चालते हे आधी समजून घ्या, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी जातं पाहिलं असेल ते हॉटेलच्या दारात शोभेला ठेवलेलं. पहाटेचं दळण. खुंटा धरून दगड फिरवायचा, एका हाताने मूठ-मूठ दाणे टाकायचे. श्वास दगडाच्या फेऱ्याशी बांधलेला, आणि ओळ श्वासाशी. ओळ कमी पडली की ‘बाई’, ‘गं’, ‘सये’ असा शब्द मध्ये टाकून फेरा भरून काढायचा. दोन ओळी झाल्या की ओवी पूर्ण. श्रोता नाही, टाळी नाही. फार तर समोर बसलेली जोडीदारीण. वही नाही, त्यामुळे मालकीही नाही. एकीची ओवी दुसरी उचलते, त्यात आपलं दुःख घालते.

मला या ओव्यांत सगळ्यात जास्त काय जाणवतं, तर नातं. पुढाऱ्याबद्दल बोलावं तसं या बाया बाबासाहेबांबद्दल बोलत नाहीत. ते भाऊ आहेत, घरचे आहेत. पूर्वी ओवीत माहेरच्या भावाची वाट बघायची जी जागा होती, तिथे हा भाऊ आला. ज्या बाईला शाळेचं दार दिसलं नाही तिने घटना, शिक्षण, धर्मांतर हे सगळं माहेर-सासरच्या भाषेत बसवून घेतलं. माझ्या मते राजकारण घरात कसं शिरतं याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही.

मग विजेवरची गिरणी आली. दळणाचा काच गेला, बरं झालं. पण ओवीचं कामच गेलं. काम गेल्यावर गाणं फार दिवस टिकत नाही. लग्नात हळद दळताना तेवढं उरलं.

दुसरी पिढी कॅसेटची. त्याच्या आधी जलसे होते, रात्र-रात्र चालणारे कव्वालीचे मुकाबले होते. वामनदादा कर्डक हे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि त्या माणसाने पुढे हजारो गाणी लिहिली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते हे आवाज. गंमत बघा, प्रल्हाद शिंद्यांचा जो आवाज पंढरीच्या गाण्यांत घराघरांत पोहोचला तोच आवाज भीमगीतांतही होता. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि मुकाबला बघायला रात्रभर चालत जाणाऱ्या माणसाच्या घरात तो आवाज टेपरेकॉर्डरमधून यायला लागला. एका बाजूला अर्धा तास, मग कॅसेट उलटायची. गाणं सहा-सात मिनिटांचं असलं तरी कुणाला घाई नव्हती. आधी साकी, मग मुखडा, कोरस मुखडा परत म्हणणार, म्हणजे अर्थ दोनदा कानावर पडणार. गाणं हे इथे भाषण आहे, वर्तमानपत्र आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी इतिहासाचा धडा.

आणि मराठवाड्यात त्या वर्षांत गाणं नुसतं ऐकायची गोष्ट नव्हती. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, साडेपंधरा वर्षांनी. त्या काळात जो विशीत होता त्याला कॅसेट लावणं म्हणजे काय, हे पुढच्या पिढीला सांगून पटत नाही. आवाज किती ठेवायचा हा त्याच्यासाठी आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. दार उघडं ठेवून लावायची की बंद करून, याचा विचार करावा लागायचा.

त्याच १९९४ च्या एप्रिलमध्ये कर्ट कोबेन गेला आणि जगभरच्या पोरांच्या भिंतीवर चिकटला. आपल्याकडे ११ जुलै १९९७ ला मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ तिथून सुरू होतो. चौदा वर्षं ते चित्रण करत राहिले आणि २०११ ला सिनेमा आला. तीन तासांच्या वर आहे, पण सुट्टीच्या दिवशी बघाच. घोगरेंच्या चेहऱ्याचा टी-शर्ट मात्र मी अजून कुठल्या दुकानात पाहिला नाही.

आता तिसरी पिढी, म्हणजे तुम्ही. तुमच्या आधी थोडे दिवस मेमरी कार्डाचे होते. मोबाइलच्या दुकानात कार्ड द्यायचं, दुकानदार गाणी भरून द्यायचा. बीड जिल्हा ऊसतोडीचा; हंगामात हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, निम्मं वर्ष फडावर. कॅसेटचा डबा तिथे कोण नेणार? कार्ड खिशात मावतं. कोपीबाहेर चूल पेटलेली असताना ज्या फोनवर गाणं वाजायचं त्या फोनला रेंज नसली तरी चालायचं.

आणि मग डीजे. १४ एप्रिलची मिरवणूक, ट्रॅक्टरवर स्पीकरची भिंत, छातीत घुसणारा ठोका. इथे बाप आणि पोरगा भांडतात. बाप म्हणतो, ‘शब्द कुठं ऐकू येतात? वामनदादांनी कशाला लिहिलं मग?’

बापाचं म्हणणं कानाच्या हिशेबाने बरोबर आहे. माणसाच्या बोलण्यातला जो भाग अर्थ पोहोचवतो, म्हणजे व्यंजनं, अक्षरांच्या कडा, तो मधल्या आणि वरच्या पट्टीत असतो. मिरवणुकीतले मोठे डबे खालच्या पट्टीचा धक्का देतात, शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली. हा धक्का अंगाला लागतो, कानाला अक्षर देत नाही. त्यात रिमिक्सवाला सहा मिनिटांचं गाणं कापून मुखडा तेवढा ठेवतो. जे गाणं सांगायला बनलं होतं त्यातलं सांगणं जातं. ही खरीच तूट आहे, ‘पिढी बदलली’ म्हणून ती झटकू नका. कायद्याने रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, तीही कुठल्याच समाजाच्या मिरवणुकीत कुणी पाळत नाही. रस्त्यालगतच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा काय होतं ते.

पण बाप एक गोष्ट विसरतो. ज्या रस्त्याने त्याच्या बापाला मान खाली घालून जावं लागायचं, त्याच रस्त्यावर मधोमध हा पोरगा नाचतोय, आणि सगळ्या गावाला ते ऐकावं लागतंय. त्या दिवशी त्याला कुणाला समजावून सांगायचंच नाहीये. तो हजर आहे, एवढं कळलं की झालं. बापाची कॅसेट दार बंद करून वाजायची, तर पोराचा आवाज दाराबाहेरच वाजणार ना?

आणि हे धोक्याचं काम नाही असं समजू नका. मे २०१५, शिर्डी. लग्नासाठी आलेल्या एका दलित तरुणाचा फोन वाजला. रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची. त्यावरून वाद झाला, त्याला मारहाण करून उचलून नेलं आणि नंतर त्याचा मृतदेह सापडला, ही बातमी तेव्हा देशभर छापून आली. रिंगटोन, बरं का. स्पीकरची भिंतही नाही. तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनचा तेवढासा आवाज. म्हणून कुणी मला म्हटलं की ‘आता कुठे राहिलंय तसं काही’, तर मी रिंगटोनचा विषय काढतो.

असंच इतरत्रही घडतंय. पंजाबात गिन्नी माही, चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकारातून २०१७ ला उभा राहिलेला ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’. आपल्याकडे विदर्भ-मुंबईतली रॅप करणारी पोरं. रॅप मला यासाठी बरा वाटतो की त्यात ठोकाही आहे आणि शब्दही पुढे आहेत. बापाची तक्रार तिथे आपोआप मिटते, फक्त वेग त्याला झेपत नाही.

आणि सगळ्यांत अनपेक्षित गोष्ट म्हणजे कडुबाई खरात. छत्रपती संभाजीनगरच्या. हातात एकतारी, बाकी काही नाही, दारोदार गाऊन पोट भरलेलं. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि तो पसरला. ठोका नाही, रिमिक्स नाही, कोरस नाही. डीजेवर नाचणारी पोरं तोच आवाज इअरफोन लावून ऐकतात, एकटी. बाईचा एकटा आवाज, ऐकणाराही एकटा, आणि गाण्यात बाबासाहेब घरचे. भीमनगरच्या जात्याशी हे किती जवळ जातं बघा. यूट्यूबवर तिच्यानंतर लगेच डीजे मिक्स सुरू होतं, तो भाग वेगळा.

एक खरं सांगू? आजीला डीजे आवडत नाही, असंही नेहमी नसतं. मिरवणूक दारावरून जाताना तिला शब्द ऐकू येत नसले तरी ती ओट्यावर येऊन उभी राहते. तिची तक्रार बहुतेक वेळा वेगळीच असते: तिची ओवी कुणी विचारतच नाही.

तर विचारा. भीमनगरच्या ओव्या ‘पारी’वर मराठी मजकुरासकट आहेत, माजलगाव टाकून शोधा. घरात आजी असेल तर फोनचं रेकॉर्डर लावा. आधी विमान मोड चालू करा, नाहीतर मध्येच कॉल येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. फोन तिच्या तोंडापुढे धरू नका, मांडीजवळ ठेवा. आणि ‘गा’ म्हणू नका, ती लाजेल. दळताना काय म्हणायचीस, एवढंच विचारा, आणि हात फिरवून दाखवायला सांगा. हात फिरायला लागला की ओळी येतात.