सील तुटल्यानंतर

लातूर-अकोल्याचे डाळवाले चेन्नईचा भाव आवर्जून विचारतात, कारण म्यानमारचा उडीद आणि लेमन तूर या बंदरात उतरते. १५ मे २०२१ला केंद्राने तूर, उडीद, मुगाच्या आयातीवरचं कोट्याचं बंधन काढलं. तपासणी मात्र तशीच राहिली. ती कशी चालते, हे मी चेन्नईतल्या मणलीकडच्या एका कंटेनर यार्डात उभं राहून पाहिलं.

उडदाच्या कंटेनरचं सील तुटलं आणि गोणपाटाचा कोंदट वास बाहेर आला. प्लांट क्वारंटाइनच्या अधिकाऱ्याने निरनिराळ्या गोण्यांतून मूठमूठ दाणे काढून पांढऱ्या कागदावर पसरले. काळ्या उडदावर मुळातच एक पांढरी रेघ असते. ते शोधत होते त्या रेघेपासून दूर चिकटलेला पांढरा ठिपका, म्हणजे भुंगेऱ्याचं अंडं. एखादा दाणा संशयास्पद वाटला की नखाने खरवडून भिंगाखाली धरायचा. म्यानमारहून आलेलं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट फाइलमध्ये होतं, तरीही प्रत्येक ठिपका ते पाहत होते. परदेशी कीड शेतात शिरली तर ती परत पाठवता येत नाही. म्हणून ही सावकाशी मला रास्त वाटली.

एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नजर वेगळी. त्यांनी नमुन्याचे दोन भाग केले, एक प्रयोगशाळेला, दुसरा राखीव. अहवालाला पाच दिवसांची मुदत. तिथे युरिक आम्लही मोजतात, किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. धुरी देऊन कीड मेली तरी तिची विष्ठा धान्यात उरते, आणि ती या आकड्यातून उघडी पडते.

शेजारच्या शेडमध्ये बायका ऑलिव्हच्या बाटल्यांवर स्टिकर लावत होत्या: आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, हिरवा ठिपका. २०१७च्या आयात नियमांनुसार एवढं माल कस्टम्सच्या ताब्यात असताना दुरुस्त करता येतं. उत्पादनाची किंवा मुदत संपण्याची तारीखच छापलेली नसेल, तर ती इथे चिकटवता येत नाही. अशा मालाचा नमुनाही घेत नाहीत, थेट नाकारतात.

नवखे आयातदार अडकतात ते उरलेल्या मुदतीत. आयातीच्या वेळी साठ टक्के मुदत किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी ते शिल्लक हवं. वर्षभर टिकणाऱ्या बिस्किटांना तीन महिने पुरतात. १२० दिवस टिकणाऱ्या चीजला ७२ दिवस लागतात, म्हणजे कारखान्यातून इथवर यायला जेमतेम ४८. जहाज वाटेत रखडलं की संपलं. आणि बरेच जण कस्टम्स एजंट गाठतात तेच मुळी जहाज सुटल्यावर! आमच्यासोबतचे एजंट दुपारभर फोनवर एकच सांगत होते, ‘‘आधी लेबलचा फोटो आणि उत्पादनाची तारीख मागवा, पैसे नंतर पाठवा.’’