तालमीतील फुटबॉल

इंग्लंडातील शेफील्ड येथे १८५७ साली स्थापन झालेला संघ जगातील सर्वांत जुना फुटबॉल संघ मानला जातो. तरी आजही तो तेथील मोठ्या साखळीबाहेरच खेळतो. असे संघ लोकांच्या जिव्हाळ्यावर तगतात. आपल्याकडे हा जिव्हाळा पाहावयाचा तर कोल्हापुरास जावे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने तेथे कुस्ती बहरली, पेठोपेठी तालमी गजबजल्या. पुढे या तालमींनी फुटबॉलही आपलासा केला. म्हणून तर संघांची नावे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशी! संघ कोणा धनिकाचा नसून पेठेचा असतो. शाहू स्टेडियमवर सामना असला की थोरामोठ्यांची रीघ लागते. ईर्ष्या कधी हातघाईवर येते, हे मात्र खेळास शोभत नाही. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळला.