फाशी देणाऱ्यांच्या कागदांतून

चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारात एक पिंपळ आहे. मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी तेथे फाशी देण्यात आली. दरवर्षी त्या दिवशी दूरदूरच्या गावांतून माणसे तेथे फुले वाहायला येतात. मी शिक्षक होतो. वर्गात हा प्रसंग सांगताना अहेरीकडच्या एका मुलाने विचारले, "सर, त्यांच्यासंगं लढता लढता मेले, त्यांची नावं काय होती?" मला एकही नाव सांगता आले नाही.

उत्तर शोधायला निघालो, तो पोचलो एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यापाशी. मेजर ल्यूसी स्मिथ हे त्याचे नाव. चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा त्याचा अहवाल १८६९ चा. काम शेतसाऱ्याचे, पण गड्याने गोंड राजांची वंशावळ जुळवली, जिल्ह्याचा इतिहास लिहून ठेवला. राजांचे सनावळ पुढच्या अभ्यासकांनी तपासून बदलले, तरी १९०९ चे गॅझेटियर त्याच्याच वाटेने गेले आणि आपली मराठी पुस्तकेही. आपल्या लढायांचा पहिला इतिहासकार असा परका निघाला!

१८५८ ची हकिगत सरकारी कागदांत थोडक्यात आहे. मार्चमध्ये बाबुरावांनी गोंड आणि रोहिले जमवून राजगड परगण्यावर चाल केली. अर्पल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना मिळाले. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनने फौज धाडली. नांदगाव-घोसरीला लढाई झाली. २९ एप्रिलला प्राणहितेजवळ चिंचगुंडीच्या तळावर तारखात्याचे गार्टलँड आणि हॉल मारले गेले. त्यांचा सोबती पीटर निसटला. सप्टेंबरात अहेरीच्या राणी लक्ष्मीबाईंनी बाबुरावांना इंग्रजांच्या हवाली केले. व्यंकटराव बस्तरात गेले. १८६० मध्ये तेही पकडले गेले आणि त्यांना जन्मठेप झाली.

आता पाहा, मेलेल्या दोन गोऱ्यांची नावे आहेत, वाचलेल्या तिसऱ्याचेही आहे. जंगलात पडलेले गोंड मात्र नुसती 'टोळी'! लिहिणाऱ्याने मुद्दाम लपवले, असे मी म्हणणार नाही. जमाबंदीच्या अहवालाला हवे असते ते एवढेच : कोणाची जमीन जप्त झाली आणि कोणाला मिळाली. लढणाऱ्यांना दाणागोटा कुठून आला, निरोप कोणी पोचवले, मागे घरे कशी चालली, हे सारा ठरवायला लागत नाही. युद्धाचा इतिहास मात्र त्याशिवाय पुरा होत नाही.

ल्यूसी स्मिथचे ऋण मी मानतो. तो नसता तर जुने पुष्कळसे हरवले असते. राग येतो तो आपलाच. २००९ मध्ये टपाल खात्याने बाबुरावांचे तिकीट काढले, आपण हार घातले. पण प्राणहितेकाठच्या गावांत जाऊन, गोंडी आणि माडिया जाणणारे सोबती घेऊन, घराघरांत काय सांगितले जाते ते नीट टिपून घेणारे कितीसे निघाले? तोंडी आठवणीत चूक असेल. ती कागदाशी ताडून पाहता येते. सांगणारी म्हातारी माणसे गेली, की ताडायलाही काही उरणार नाही.

तो मुलगा आता चाळिशीत असेल. त्याला अजून माझे उत्तर देणे आहे.