प्रमोशन आमच्या मंडळालाही हवंय!

कर्जत-खालापूरच्या मातीत कबड्डी भरपूर आहे, स्पर्धाही भरपूर आहेत. नाही ती फक्त एक शिडी. ती कशी बांधता येईल, त्याचा हा हिशेब...

एप्रिल उजाडला की ऑफिसात अप्रेझलचे वारे वाहू लागतात. कोणाला किती टक्के, कोण सिनियर झाला, कोणाचा पत्ता कट झाला... कॅन्टीनमध्ये दुसरा विषयच नाही. प्रमोशन हुकलं की आपण बॉसच्या नावाने बोटं मोडतो. पण निदान एक गोष्ट आपल्याला ठाऊक असते. आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत आणि वरची पायरी कोणती, ते.

आता अशी कंपनी डोळ्यांपुढे आणा, जिथे वर्षातून आठ-दहा वेळा इंटरव्ह्यू होतो. प्रत्येक वेळी सगळे पुन्हा पहिल्यापासून रांगेत. एक उत्तर चुकलं की घरी. मागच्या वेळी तुम्ही काय सॉलिड बोलला होतात, त्याची नोंद कुठेच नाही. आमच्या भागातली कबड्डी डिट्टो अशीच चालते.

आमचा भाग म्हणजे कर्जत आणि खालापूर. तुमच्यापैकी बहुतेकांना कर्जत माहीत असतं ते फार्महाऊस आणि पावसाळी ट्रेकमुळे, आणि खालापूर एक्स्प्रेस-वेच्या टोलनाक्यामुळे. मी इथलाच. सोमवार ते शुक्रवार लोकलने मुंबई, दोन तास जायला, दोन तास यायला. शनिवार-रविवार मात्र मंडळाचा. आधी काही वर्षं उजवा कोपरा सांभाळला, हल्ली बहुतेक वेळा गुणलेखकाच्या टेबलावर असतो. त्या टेबलावरून जे दिसतं, ते मैदानातून दिसत नाही.

एका रात्रीचा खेळ

भाताची कापणी-झोडणी उरकली की माळरान मोकळं होतं. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत मग धमाल. हॅलोजन लागतात, नेत्यांचे हात जोडलेले बॅनर लागतात, गावाबाहेरच्या सपाट जागेची 'क्रीडानगरी' होते. चषक, रोख रक्कम, उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, आणि प्रेक्षकांच्या लाडक्याला 'पब्लिक हिरो'. माहोल फुल टू असतो, त्यात वादच नाही.

पण जरा कागद-पेन घ्या. ३२ संघ आले, स्पर्धा बाद पद्धतीची. एकूण सामने ३१. त्यात १६ संघ एकच सामना खेळून बाहेर पडतात. आणखी ८ संघांना दोन सामने मिळतात. म्हणजे आलेल्यांपैकी तीन चतुर्थांश संघांची रात्र दोन सामन्यांच्या आत संपते. पाच सामने खेळायला मिळतात ते फक्त अंतिम फेरीतल्या दोघांना.

वेळेचंही तसंच. २० मिनिटांचे दोन डाव, मधली विश्रांती, मैदानाची आवराआवर धरली तर एका सामन्याला ५० मिनिटं. दोन मैदानं लावली तरी ३१ सामन्यांना जवळजवळ १३ तास. मग डावांची वेळ कापली जाते. संध्याकाळी पाचला हजेरी लावलेल्या संघाचा पुकारा रात्री दीडला होतो. तोवर पोरांनी वडापाव खाल्लेला असतो, अंग थंड पडलेलं असतं. तीन गुणांनी हरायचं आणि टेम्पोत बसून परत यायचं.

यात खरं नुकसान कोणाचं होतं? हरलेल्या संघातल्या १९-२० वर्षांच्या पोराचं. तो नुकताच खोपोली-रसायनीकडे एखाद्या कंपनीत कंत्राटावर लागलेला असतो. एका सामन्यासाठी ओव्हरटाइम सोडायचा, रात्र जागायची आणि सकाळी फर्स्ट शिफ्ट गाठायची. दोन सीझन तो हे करतो. तिसऱ्या सीझनला फोन उचलत नाही. मग कोणीतरी म्हणतं, आजकालच्या पोरांना खेळच नको. पोरांना खेळ हवा असतो हो, सामनेच नसतात!

खेळात संजीवनी, स्पर्धेत गनिमी

गंमत म्हणजे हा प्रश्न कबड्डीने स्वतःपुरता केव्हाच सोडवला आहे. जुन्या काळी हुतूतूचे वेगवेगळे प्रकार होते. 'गनिमी'मध्ये गडी बाद झाला की त्याचा अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचा. 'संजीवनी'मध्ये समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक जिवंत होऊन आत यायचा. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा भरवली, पुढे आणखी सुधारणा झाल्या, आणि आज सगळीकडे खेळला जातो तो संजीवनीच्या वाटेने आलेला खेळ. बाद झालेला परत येऊ शकतो, म्हणूनच शेवटच्या मिनिटापर्यंत सामन्यात जीव असतो.

स्पर्धा मात्र आम्ही अजून गनिमीतच खेळतोय. एकदा बाद, की पुढच्या गावात चषक लागेपर्यंत बाहेर.

शिडी कोणाकोणाकडे आहे?

साखळी सामने, गट, वर चढणं, खाली घसरणं हे काही फक्त टीव्हीवरच्या इंग्लिश फुटबॉलचं कौतुक नाही. लोकलने दोन तासांवर मुंबईत कांगा लीग आहे. १९४८ पासूनची, ऐन पावसाळ्यात चिखलात खेळली जाणारी. ए ते जी असे सात डिव्हिजन. वरच्या नंबरचे संघ वर जातात, तळाचे खाली येतात. मुंबईच्या कबड्डीतही पुरुषांच्या संघांची प्रथम, द्वितीय, तृतीय श्रेणी असते. छोटा क्लब कुठे आहे आणि त्याला कुठे जायचंय, ते कागदावर असतं.

प्रो कबड्डीकडून हे शिकता येणार नाही. २०१४ मध्ये ८ संघांनी सुरू झालेली ती लीग २०१७ मध्ये १२ संघांची झाली. तिने कबड्डीपटूला पैसा दिला, चेहरा दिला. पण तिथे शेवटचा आलेला संघही पुढच्या वर्षी तिथेच असतो, कारण ती फ्रँचाइझी आहे. गावातल्या मंडळाला तिथे जाणारा जिना नाही. खेळाडू जाऊ शकतो, संघ नाही.

आमच्याशी खरं नातं जुळतं ते दूरच्या आयर्लंडचं. तिथे गेलिक फुटबॉल खेळतात. एका बाजूला १५ गडी, चेंडू हातानेही चालतो, पायानेही. १८८४ मध्ये थर्ल्स गावात स्थापन झालेली गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन हा खेळ चालवते. खेळाडू हौशी. रविवारी स्टेडियम दणाणून सोडणारा हिरो सोमवारी शाळेत शिकवायला नाहीतर गोठ्यात धारा काढायला हजर. क्लब गावाचा, आडनावं तीच तीच, शेजारच्या गावाशी खुन्नस पिढीजात. आपलंच वाटतं की नाही?

तिथे प्रत्येक काउंटीत क्लबच्या तीन मुख्य पायऱ्या असतात. ज्युनियर, इंटरमिजिएट आणि सिनियर. 'ज्युनियर' म्हणजे वयाने लहान नव्हे, दर्जाने खालचा. इंटरमिजिएट जिंकलेला क्लब पुढच्या वर्षी सिनियरमध्ये खेळतो. पण त्यांचीही एक मोठी रड होती. काउंटीच्या निवडक संघाचे सामने चालू असले की क्लबचे सामने लटकायचे. क्लबमधल्या साध्या खेळाडूला आपला पुढचा सामना कधी, तेच कळायचं नाही. सुट्टी घ्यायची कधी, लग्नाची तारीख काढायची कधी? शेवटी २०१७ मध्ये अशा खेळाडूंनी स्वतःची संघटना काढली. मागणी पैशांची नव्हतीच, वेळापत्रकाची होती. ती मान्य झाली आणि २०२१ मध्ये संघटनेने स्वतःला विसर्जित केलं. आता आधी काउंटीचा सीझन, तो संपला की क्लबचा. पूर्वी सप्टेंबरपर्यंत लांबणारी काउंटीची फायनल २०२२ मध्ये जुलैतच उरकली.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. शिडी बांधण्याआधी तारीख बांधावी लागते.

आमच्या शिडीचा नकाशा

समजा, दोन तालुक्यांतले ३२ संघ तयार झाले. त्यांचे ८-८ चे चार गट करायचे. अ, ब, क, ड. प्रत्येक संघ गटातल्या बाकीच्या सातही संघांशी एकदा खेळेल. म्हणजे सर्वांत कच्च्या संघालाही सात सामने नक्की. एका गटाचे २८, चारही गटांचे मिळून ११२ सामने.

आकडा ऐकून घाबरू नका. एका रविवारी एका गटाचे चारच सामने. दुपारी तीनला सुरू करा, अंधार पडता पडता संपतात. सात रविवार, सात गावं. प्रत्येक रविवारी गटातलं एक गाव यजमान, आणि उरलेल्या आठव्या गावात बढतीचा सामना. हॅलोजनचा खर्च नाही, रात्रीचा बंदोबस्त नाही. डिसेंबरच्या मध्यावर नारळ फोडला तर प्रजासत्ताक दिनाच्या आसपास साखळी संपते. सुगी झालेली असते, लग्नसराईचा मोठा हंगाम अजून दूर असतो.

वर किती चढवायचे, हा कळीचा प्रश्न. एकच संघ वर जाणार असेल, तर चौथ्या-पाचव्या रविवारी अर्ध्या संघांना खेळण्यात काही उरत नाही. तीन-तीन वर-खाली केले, तर आठातले सहा संघ दरवर्षी पायरी बदलणार, मग पायरीला अर्थच राहत नाही. म्हणून मध्यममार्ग. पहिला थेट वर, आठवा थेट खाली, आणि दुसऱ्याने वरच्या गटातल्या सातव्याशी एक सामना खेळायचा. जिंकेल तो वरच्या गटात. असं केलं की शेवटच्या रविवारीही दुसरा, तिसरा, सहावा, सातवा, सगळ्यांच्या पोटात गोळा असतो.

गुणांसाठी एक गोष्ट प्रो कबड्डीकडून जरूर उचलावी. तिथे बरीच वर्षं विजयाला ५, बरोबरीला ३ आणि ७ किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तर १ गुण मिळायचा. त्यामुळे हरतानाही शेवटची पकड जीव तोडून केली जाते.

अडतं कुठे?

पहिली अडचण पहिल्या वर्षाची. प्रत्येक गाव म्हणणार, आम्ही अ गटातलेच. यावर चिठ्ठ्या नकोत आणि वशिला तर नकोच. पहिल्या वर्षी नेरळ, कशेळे, कडाव, कर्जत, खोपोली, खालापूर, चौक आणि मोहोपाडा अशी आठ केंद्रं करा. प्रत्येक केंद्रावर जवळपासचे चार संघ आपापसांत खेळतील. पहिला आला तो अ गटात, दुसरा ब, तिसरा क, चौथा ड. एका केंद्रावर दोन तगडे संघ आले तर दुसऱ्यावर अन्याय होईल, हे खरं. पण पुढच्याच वर्षी तो चढून वर येईल. शिडीचा फायदा तोच.

दुसरी अडचण उसन्या गड्यांची. फायनलला अचानक दोन अनोळखी धिप्पाड चेहरे उतरतात आणि गावची पोरं बाकावर बसतात. एका रात्रीच्या चषकात ते खपून जातं. सात आठवड्यांच्या लीगमध्ये खपवून चालणार नाही. डिसेंबरआधी नावनोंदणी, एक खेळाडू एक संघ, बाहेरचे जास्तीत जास्त दोन. एकाच मंडळाचे दोन संघ असतील, तर वरच्या गटात दोन सामने खेळलेला गडी त्या सीझनला खालच्या संघात उतरणार नाही.

तिसरी शिफ्टची. कोणी सेकंड शिफ्टला, कोणी नाइटला, आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक तर आपल्या पाचवीलाच पुजलेला! म्हणून सातही रविवारांचं वेळापत्रक दिवाळीआधी हातात हवं. तारीख आधी कळली की शिफ्ट बदलून घेता येते. सामन्याच्या आदल्या दिवशी कळली तर सुपरवायझर ऐकत नाही.

चौथी अडचण मानाची, आणि तीच सर्वांत अवघड. खाली घसरणं म्हणजे गावाचं नाक कापलं जाणं, असं वाटणारे भेटतील. पण आज पहिल्याच फेरीत बाद होऊन पहाटे गुपचूप गावात शिरणाऱ्या संघाचं नाक शाबूत असतं का? खाली गेलेल्या संघाला निदान माहीत असतं की पुढच्या डिसेंबरमध्ये वर यायला सात सामने आहेत.

दार कोणासाठी उघडतं?

आमच्याकडे 'निमंत्रित संघां'च्या स्पर्धांना मान असतो. निमंत्रण कोणाला? ज्यांचं नाव आहे त्यांना. नाव कसं होतं? निमंत्रितांमध्ये खेळून. डोंगराकडच्या ठाकरवाडीतला, कातकरीवाडीतला संघ या चक्रात शिरणार कुठून? प्रवेश फी जमवून तो आला तर एक सामना खेळतो आणि पायी परत जातो. ड गटात सुरुवात करून तीन वर्षांत अ गटात येण्याचा नियम कागदावर असेल, तर त्याला कोणाच्या निमंत्रणाची वाट पाहावी लागणार नाही.

मुलींचंही तेच. शाळेत छान खेळणाऱ्या पोरी पुढे दिसेनाशा होतात, कारण रात्री एकच्या सामन्याला घरातून कोण सोडणार? दुपारी तीन ते सहा, शेजारच्या गावात, ठरलेल्या तारखेला असेल तर सोडतात. मुलींचा एक गट पहिल्या वर्षापासून हवा.

आणि रात्रीच्या चषकांचं काय? ते राहू देत की! इंग्लंडमध्येही लीग वेगळी, कप वेगळा. फेब्रुवारीनंतर खुशाल हॅलोजन लावा, पब्लिक हिरो निवडा, फटाके फोडा. फक्त तोवर प्रत्येक संघाच्या अंगात सात सामने मुरलेले असतील.

बैठकीसाठी आमच्याकडे सोयीचा काळ म्हणजे लावणी संपल्यापासून गणपतीपर्यंतचा. शेताची घाई ओसरलेली असते, मैदानं चिखलात असतात, आणि मंडळाची माणसं तशीही वर्गणीसाठी एकत्र जमतात. त्याच बैठकीत सात तारखा ठरवा, नियमांच्या एका पानाखाली ३२ सह्या घ्या. बाकी चढाई-पकड पोरांना शिकवायला नको, ती त्यांना येते.